फाइल बंद केल्यावरही टिकणारा अनडू

कंट्रोल-झेड दाबलं की शेवटचा बदल मागे घेतला जातो, कारण एडिटर प्रत्येक बदलाची नोंद मेमरीत ठेवत असतो. बरेच एडिटर फाइल बंद होताच ही नोंद टाकून देतात. काल दुपारी उडवलेला परिच्छेद आज सकाळी हवा असेल, तर तो गेलाच. माझ्या मते ही नोंद टिकायलाच हवी, पण विम हा एडिटर घेतो तेवढी खबरदारी घेऊन.

ब्राम मोलेनार यांच्या विममध्ये ही सोय 2010 साली, 7.3 आवृत्तीत आली. ती आपण चालू करावी लागते. मग फाइल सेव्ह केली की तिच्या शेजारी टिंबाने सुरू होणारी आणखी एक फाइल तयार होते. तीत बदलांच्या नोंदी असतात आणि सेव्ह झालेल्या मजकुरावरून काढलेला एसएचए-256 हॅश, म्हणजे त्या मजकुराचा ठसाही.

हा हॅश कशाला? अनडूची नोंद साधारण अशी असते: ‘चाळिसाव्या ओळीच्या जागी आधी या दोन ओळी होत्या.’ मधल्या काळात दुसऱ्या प्रोग्रामने वर एक ओळ घुसवली, तर चाळिसावी ओळ एकेचाळिसावी होते. आता जुनी नोंद वापरली, तर ती भलत्याच ओळीवर चालेल आणि धड मजकुराची वाट लागेल. म्हणून विम फाइल उघडताना हॅश पुन्हा काढून ताडून पाहतो. जुळला नाही, तर इतिहास वापरतच नाही. हे चिडचिड करणारं वाटतं, पण चुकीच्या अनडूपेक्षा अनडू नसलेलं केव्हाही बरं.

आक्षेप असा की अनडू दाबता दाबता नकळत मागच्या आठवड्यात जाऊन पोचू. पण विम प्रत्येक पावलाला तो बदल केव्हाचा हे खालच्या ओळीत दाखवतो. जुना असेल तर तारखेसकट. इतर एडिटरांनीही निदान एवढं करावं.

गोपनीयतेचा मुद्दा मात्र मला खरोखर गंभीर वाटतो. फाइलमध्ये चुकून लिहिलेला पासवर्ड पुसून सेव्ह केला, तरी अनडूच्या फाइलमध्ये तो राहू शकतो. अख्खं फोल्डर कुणाला पाठवलं, तर तोही सोबत जातो. म्हणून ‘अनडूडिर’ या सेटिंगने या फाइली वेगळ्या, खाजगी फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि नाजूक फाइलींपुरती ही सोय बंद करावी. जुन्या अनडू फाइली विम स्वतःहून साफ करत नाही. त्या आपल्यालाच अधूनमधून काढाव्या लागतात.