जठरातल्या जखमेला उसंत देणारी गोळी

बोट कापलं तर थोड्या वेळात रक्ताची गुठळी धरते आणि रक्त थांबतं. जठरात हे इतकं सोपं नाही. तिथल्या तीव्र आम्लात प्लेटलेट एकमेकींना नीट चिकटत नाहीत, आणि कशीबशी धरलेली गुठळी पेप्सिन हा पाचक रस अन्नासारखी पचवून टाकतो. आम्ल कमी झालं की गुठळी टिकते. म्हणूनच रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णाला आम्ल कमी करणारं औषध आधीपासूनच देतात.

गंभीर आजारात पोटातून रक्त जातं, हे डॉक्टरांना फार पूर्वी दिसलं होतं. भाजलेल्या रुग्णांच्या आतड्यातल्या व्रणांचं वर्णन थॉमस कर्लिंग यांनी १८४२ मध्ये केलं, तर मेंदूविकारातल्या व्रणांचं हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये. मग औषध कोणाला द्यायचं? १९९४ मध्ये डेबोरा कुक आणि सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातले २,२५२ रुग्ण तपासून धोक्याची दोन मोठी कारणं दाखवली: ४८ तासांहून जास्त व्हेंटिलेटर आणि रक्त गोठण्यातला बिघाड. २०२४ मध्ये आठ देशांतल्या ४,८२१ व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधामुळे गंभीर रक्तस्राव ३.५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठळक फरक पडला नाही, हेही सांगायलाच हवं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पँटोप्राझोलच्या गोळीचं वागणं. आम्लात ती टिकत नाही, म्हणून तिच्यावर लेप असतो. जठरातून ती तशीच पुढे सरकते, आतड्यात विरघळते आणि तिच्यातलं औषध रक्तातून पुन्हा जठराच्या पेशींपाशी पोचतं. तिथल्या आम्लातच ते जागं होतं आणि आम्ल बाहेर टाकणाऱ्या पंपाला कायमचं जखडतं. रक्तातून ते काही तासांत नाहीसं होतं, तरी पेशी नवे पंप उभारेपर्यंत परिणाम राहतो. जेवणाआधी अर्धा तास घ्या आणि गोळी कुटू नका, असं सांगतात ते यासाठीच.

रक्तस्रावाचा धोका अतिदक्षता विभागापुरता नाही, घरीही असू शकतो: ॲस्पिरिन जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करते. घरातल्या वयस्कर माणसाला ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ करणारी दुसरी गोळी किंवा सांधेदुखीची गोळी चालू असेल, तर संरक्षक औषध हवं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आधी दिलेलं औषध स्वतःहून बंद करू नका. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट झाली तर थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.