हिंगोलीच्या जंगलाची नोंद आजच का हवी

जंगलाला प्रदूषणाचा त्रास होतो आहे की नाही हे उपग्रहावरून कळते का, असा प्रश्न निघाला की महाराष्ट्रात पहिले नाव चंद्रपूरचे येते. ते साहजिकच आहे. तिथे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथे आले होते. हिंगोलीत यातले काहीच नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीसाठी, औंढा नागनाथासाठी आणि नरसीच्या नामदेवांसाठी ओळखला जातो. तरीही उपग्रहाच्या या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग आज हिंगोलीसारख्या जिल्ह्यालाच आहे, असे मला वाटते. उपग्रहाला प्रदूषण दिसत नाही, झाडात झालेला बदल दिसतो. बदल ओळखायचा तर आधीची बरी अवस्था कुठेतरी नोंदलेली असावी लागते, आणि चंद्रपुरात ती वेळ केव्हाच निघून गेली आहे.

हे तंत्र पानाच्या एका साध्या स्वभावावर उभे आहे. पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते. त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे मोठ्या प्रमाणात परत फेकला जातो. या दोन प्रकाशांतल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा आकडा मिळतो. दाट, तजेलदार पानोऱ्यावर तो ०.७ ते ०.८ पर्यंत जातो, उघड्या मातीवर ०.१–०.२ च्या आसपास राहतो. आता या पानाला सल्फर डायऑक्साइडची बाधा झाली असे समजा. हा वायू पर्णरंध्रांतून आत शिरतो, ओलाव्यात विरघळून आम्ल बनतो आणि हरितद्रव्य मोडू लागतो. लाल प्रकाश शोषण्याची पानाची ताकद कमी होते. लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवर परावर्तन एकदम चढते, ती चढण थोडी निळ्या बाजूला सरकते. अमेरिकेतील व्हरमाँटच्या डोंगरांतल्या आणि जर्मनीतल्या आजारी स्प्रूस वृक्षांवर १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत हे सरकणे सुमारे ५ नॅनोमीटर भरले. एवढ्याशा फरकाला महत्त्व आहे, कारण पान नजरेला पिवळे दिसू लागण्याआधीही तो उमटू शकतो. त्या काळी असे मोजमाप विमानातून करावे लागे. आज युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांवर याच सीमेसाठी ७०५, ७४० आणि ७८३ नॅनोमीटरचे वेगळे पट्टे आहेत, त्यांची चित्रे काही दिवसांच्या अंतराने मिळतात, आणि ती कोणालाही फुकट उतरवून घेता येतात.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की झाडे काय फक्त प्रदूषणानेच पिवळी पडतात? हिंगोलीच्या बाबतीत तर हा आक्षेप दुप्पट खरा आहे. औंढा, कळमनुरी, सेनगावकडच्या डोंगरउतारांवरचे जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग, पळस, धावडा, सालई ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर आपणहून पाने टाकतात. पाऊस लांबला, २०१५ सारखा दुष्काळ पडला, की पानगळ लवकर होते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागावर पाने कुरतडणाऱ्या अळीचा हल्ला होतो, तेव्हा पानाची नुसती जाळी उरते आणि उभे जंगल करपल्यासारखे दिसते. या प्रत्येक वेळी एनडीव्हीआय घसरतो. एका दिवसाचे एक चित्र घेऊन त्यावरून ‘प्रदूषण’ असा शिक्का मारणारा माणूस फसणारच.

पण याचे उत्तर तंत्रातच आहे. दुष्काळ आणि ऋतू सगळ्या डोंगराला सारखेच गाठतात. प्रदूषणाचे तसे नसते, त्याला उगम असतो आणि दिशा असते. हिवाळ्यात या भागात वारा मुख्यतः ईशान्य-पूर्वेकडून वाहतो, म्हणून एखाद्या खडी क्रशरची धूळ नैर्ऋत्येकडच्या झाडांवर अधिक बसेल. त्या बाजूचा साग आणि तेवढ्याच उंचीवरचा, तशाच मुरमाड जमिनीवरचा पण उलट बाजूचा साग यांची तुलना केली, तर पाऊस दोघांनाही एकच असल्याने तो हिशेबातून वजा होतो. उगमापासून जसजसे दूर जावे तसतसा फरक विरत गेला आणि क्रशर सुरू होण्यापूर्वीच्या वर्षांत तो मुळात नव्हताच, तर संशयाला बळ येते. पाण्याचा ताण वेगळा काढायला लघु-अवरक्त पट्टे आहेत, ते पानातल्या ओलाव्याला जास्त संवेदनशील असतात. अळीचा हल्ला काही आठवड्यांत येतो आणि नवी पालवी फुटली की ओसरतो. धुळीचा परिणाम काम चालू असेपर्यंत दरवर्षी त्याच जागी दिसत राहतो. हा सगळा युक्तिवाद ‘पूर्वीच्या वर्षांवर’ टेकलेला आहे. लँडसॅटची ३० मीटर तपशिलाची चित्रे १९८० च्या दशकापासूनची आहेत आणि २००८ पासून ती मोफत आहेत. म्हणजे मागचा काळही पूर्ण हरवलेला नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. हिंगोलीत प्रदूषण आहेच कुठे? मोठी धुराडी नाहीत हे मान्य. पण इथल्या बेसाल्टच्या टेकड्या फोडून खडी काढली जाते, वीटभट्ट्या पेटतात, अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यातून जातो, फेब्रुवारीपासून हळद शिजवण्याचा धूर असतो. पानावर बसलेली धूळ प्रकाश अडवते, रंध्रे बुजवते आणि पानाचे तापमान वाढवते. हवा मोजणारी यंत्रे बहुतेक शहरांतून असतात, डोंगरातल्या सागाजवळ कोणी बसवत नाही. आणि समजा आज त्रास नगण्य आहे, तर मोजायला हीच वेळ चांगली. याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. ती जागा निवडताना जमिनीची नैसर्गिक थरथर आधी मोजावी लागली, आणि शांत जागी मोजायचे कशाला, असे तेव्हा कोणी म्हटले नाही.

भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी वनाच्छादनाचा अहवाल काढते, मग वेगळी नोंद कशाला, असेही विचारले जाईल. तो अहवाल मोलाचा आहे, पण त्याचा प्रश्न निराळा आहे. एक हेक्टर किंवा अधिक जागेवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असले की ते वनाच्छादन, मग ती बाग असो की लागवड. छत्र किती आहे हे त्यातून समजते, त्या छत्रातल्या पानांची तब्येत समजत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. हिंगोलीचे जंगल तुकड्या-तुकड्यांचे आहे. सेंटिनेलच्या २० मीटरच्या चौकटीत काठावर अर्धा साग आणि अर्धी हळद येऊ शकते. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघते, हळद मात्र डिसेंबरपर्यंत हिरवी असते, त्यामुळे जंगलाचा काठ फसवा निरोगी दिसतो. काठाच्या चौकटी सरळ वगळाव्या लागतील आणि मोजायला उरणारे जंगल आणखी कमी होईल. शिवाय पाने पूर्ण भरतात ती पावसाळ्यात, जेव्हा ढग खालचे काही दिसू देत नाहीत. ढग हटल्यापासून पानगळ सुरू होईपर्यंतचा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ हाच काय तो भरवशाचा.

पर्यावरण परवानगीच्या पद्धतीतली मोठी उणीव इथेच उघडी पडते. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास पावसाळा सोडून एका हंगामाच्या माहितीवर करता येतो. तो हंगाम मार्च ते मे असा निवडला, तर शुष्क पानझडीच्या जंगलात तपासणाऱ्याला काय दिसेल? निष्पर्ण खोडे. पुढे झाडे खरोखर आजारी पडली तरी तुलनेला काही नसेल आणि ‘इथे आधीपासूनच असे होते’ हे म्हणणे खोडता येणार नाही. हे कोणाच्या लबाडीशिवायही घडू शकते. दहा वर्षांच्या ऑक्टोबरांची उपग्रह-नोंद हाताशी असेल, तर ते घडणार नाही.

हे काम जिल्ह्याच्या आवाक्यातले आहे. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, चित्रे आणि गणित तिथल्या लोकांना नवे नाही. पण उपग्रहाच्या आकड्याला जमिनीवरचा साक्षीदार लागतो, आणि ते काम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेल्या हिंगोलीतल्या महाविद्यालयांना जमण्याजोगे आहे. सिंग आणि राव यांनी १९८३ मध्ये मांडलेली वायुप्रदूषण सहनशीलतेची कसोटी पानातील अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, हरितद्रव्य, अर्काचा सामू आणि पाण्याचे प्रमाण या चार गोष्टींवर चालते. पदवीच्या प्रयोगशाळेत ती होऊ शकते. ठरावीक झाडे निवडून, त्यांचे अक्षांश-रेखांश टिपून, दर ऑक्टोबरला पाने तपासायची, पानावरची धूळ धुऊन तिचे वजन करायचे आणि त्याच आठवड्यातल्या उपग्रहचित्राशी ते आकडे ताडून पाहायचे. सुरुवात महामार्गालगतच्या आणि क्रशरजवळच्या सागापासून व्हावी. तुलनेची झाडे मात्र अशी निवडावीत की पुढच्या वीस वर्षांत त्यांच्याजवळ काही उभे राहण्याची शक्यता कमीत कमी असेल. ती निवड वनविभागाच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांइतकी चांगली दुसरे कोणी करू शकणार नाही.