कर्जाएवढा विमा

घर जळालं की आधी बंब येतो, मग शेजारीपाजारी, मग वर्तमानपत्राचा फोटोवाला. हे सगळे पांगले की टेप, कॅमेरा आणि गमबूट घेऊन आम्ही पोहोचतो. सर्व्हेअर. विमा कंपनीच्या वतीनं नुकसान मोजणारा परवानाधारक माणूस. आमची फी कंपनी देते, म्हणून घरमालकाला आम्ही कंपनीचे हस्तक वाटतो. कंपनीतल्या क्लेम खात्याला मात्र आमचा आकडा पाहून आम्ही घरमालकाला फितूर झाल्याचा संशय येतो. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या की समजावं, रिपोर्ट बरोबर झाला.

घरात शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. "पॉलिसी कुठाय?"

उत्तरही जवळपास ठरलेलं. "बँकेत असेल की."

असतेच. गृहकर्जाच्या दिवशी बँकेत ज्या पन्नास ठिकाणी सह्या होतात, त्यातली एक विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर असते. त्यातला 'विमा रक्कम' हा रकाना भरायला काउंटरवरच्या पोराला अर्धं मिनिट पुरतं. समोर कर्जाची फाइल असते, तिच्यावर एक आकडा असतो, तोच तो इकडे उतरवतो. यात बँकेची लबाडी नाही. बँकेला स्वतःच्या पैशांची काळजी, तेवढ्यापुरता विमा तिला पुरतो. घर उभं राहायला काय लागेल, हे त्या टेबलावर कुणी कुणाला विचारतच नाही. घरमालकाची नजर त्या वेळी चेकवर असते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीत कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे सर्व्हेअर महिनाभर तिथेच होतो, काही तर सोलापूर-पुण्याहून आलेले. नदीकडच्या एका गल्लीत तळमजला अधिक एक मजला असं घर होतं. मालक निवृत्त, साखर कारखान्यात नोकरी केलेले. खालच्या मजल्यावर पाणी छताला टेकून गेलेलं. गिलावा फुगलेला, दारं तटतटून चौकटीत अडकलेली, फरशी मधोमध बसलेली, वायरिंगच्या पाइपातून अजून पाणी ठिबकत होतं. मी खोली-खोलीची मापं घेतली, दुरुस्तीचा हिशेब सहा लाखांपर्यंत गेला. काकांनी पॉलिसी दाखवली. विमा रक्कम नऊ लाख. त्यांचा चेहरा उजळला. नऊ लाखांचा विमा, सहाचं नुकसान, म्हणजे सहा मिळणार. कोणीही असाच हिशेब करेल.

आता आमच्या धंद्यातली ती बदनाम गोष्ट. जुन्या आगीच्या पॉलिसीत (पूरही तिच्यातच यायचा) एक अट असायची, तिला आम्ही 'अ‍ॅव्हरेज' म्हणायचो. बांधकाम दोन हजार चौरस फूट. त्या वर्षी साधं आरसीसी घर बांधायला अठराशेचा दर धरला तरी उभारणीचा खर्च ३६ लाख. विमा नऊचा. म्हणजे घराचा पाव हिस्साच विम्यात. उरलेल्या पाऊण हिश्श्याचे विमेदार तुम्ही स्वतः. मग नुकसानही त्याच प्रमाणात वाटायचं. सहा लाखांचा पाव हिस्सा, दीड लाख.

हे मी त्यांना ओल्या भिंतीला पाठ टेकून उभ्या उभ्या समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे साहेब, पूर्ण घर वाहून गेलं असतं तर?"

"तर नऊ."

"आणि आता दीड."

"हो."

"मग नदीनं जरा कंजूषपणाच केला म्हणायचा."

त्यांच्या मुलाला मात्र राग आवरेना. हप्ता आठशे-नऊशे रुपयांचा होता. तो चौपट केला असता तरी साडेतीन हजारांच्या आसपास. एवढ्यासाठी साडेचार लाख गेले. त्याचा सवाल एकच होता: बँकेत कुणी सांगितलं का नाही? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बँकेत त्या दिवशी टेबलावर असलेला माणूस एव्हाना तीन बदल्या करून गेला होता.

नेमकी याच्या उलटी तऱ्हा मुंबईत. माझा एक मित्र तिकडे सर्व्हे करतो, त्याच्याकडची ही केस. दादरला सहाशे चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट. खरेदी दोन कोटी चाळीस लाखांना, आणि विमा? तोही दोन कोटी चाळीस लाखांचा. अ‍ॅग्रीमेंटवरचा आकडा उचलून एजंटानं जसाच्या तसा टाकलेला. त्या आकड्यात दादर आहे, स्टेशनची जवळीक आहे, शिवाजी पार्कचा वारा आहे. यातलं काहीच जळत नाही. जळतं ते बांधकाम, आणि सहाशे फुटांचं बांधकाम चौरस फुटाला साडेतीन हजार धरलं तरी २१ लाख होतं. उरलेल्या दोन कोटी एकोणीस लाखांवर हा गृहस्थ वर्षानुवर्षं हप्ता भरत होता.

एसीच्या वायरिंगनं पेट घेतला आणि बेडरूम गेली. कंपनीनं गिलावा, खिडक्या, वायरिंग, रंग यांचे पैसे दिले. पलंग, गाद्या, कपाटभर कपडे, टीव्ही, लॅपटॉप यांचे शून्य. पॉलिसी फक्त इमारतीची होती, सामानाचा रकाना कोरा. दोन कोटींचा विमा असलेल्या घरात गादीचा विमा नाही, हे पचवायला त्यांना वेळ लागला. माझा मित्र सांगतो, बाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे हवेचा विमा काढला होता होय आम्ही!"

सोसायटीची भानगड त्यात आणखी. मेंटेनन्सच्या बिलात विम्याचा एक रकाना असतो, तो कुणी वाचत नाही. इमारतीचा विमा सोसायटीनं काढलेला असेल तर तो किती रकमेचा, हे सेक्रेटरीला विचारून बघा. बहुधा इमारत नवी असतानाचाच आकडा वर्षानुवर्षं रिन्यू होत आलेला असतो, कारण वाढवायचा म्हटलं की सर्वसाधारण सभेत हप्त्यावरून भांडण. त्या वर्षी गणपतीचा मंडप ठरतो, विमा पुढच्या वर्षावर जातो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक आयआरडीएआयनं घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकायला लावली आणि आमच्या धंद्यातले अर्धे वाद मिटले. हे मी मनापासून सांगतो. विमा रक्कम म्हणजे घराचं कार्पेट क्षेत्र चौरस मीटरमध्ये, गुणिले पॉलिसी सुरू होते त्या दिवशीचा बांधकामाचा दर, एवढा साधा गुणाकार. जमिनीला त्यात जागाच नाही. 'अ‍ॅव्हरेज' तर काढूनच टाकलं. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, एवढं घरातलं सामान आपोआप धरलं जातं. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची घेता येते आणि रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी वाढते, मूळच्या दुप्पट होईपर्यंत.

पण अ‍ॅव्हरेज गेलं म्हणून लोक सैल झाले. काटछाट होणार नाही, हे खरं; पण पॉलिसीवर जो आकडा आहे त्याच्या वर एक रुपया मिळत नाही. आणि आकडा कुठून येतो, याचा नमुना मला कोल्हापूरच्या एका उपनगरात बघायला मिळाला.

शॉर्टसर्किटची आग, रात्री दोनची. वरचा मजला छतासकट गेला. मी टेप लावला तर दोन्ही मजले मिळून कार्पेट ११० चौरस मीटर भरलं. पॉलिसीत ६०. माझंच काहीतरी चुकतंय म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा ११०.

मालक चुळबुळत होते. शेवटी त्यांच्या बायकोनंच सांगितलं. फॉर्म भरताना एजंटानं घरपट्टीची पावती मागितली होती आणि क्षेत्र तिच्यावरून उतरवलं होतं. आणि घरपट्टीत वरचा मजला नव्हताच. बारा वर्षांपूर्वी बांधला, पालिकेत नोंदवला नाही, कर वाचला. वर्षाला वाचलेले ते हजार-दोन हजार आता समोर राखेच्या रूपानं उभे होते. त्यातून कंपनीनं माहिती खोटी दिल्याचा मुद्दा काढला तो वेगळाच. पत्रापत्री झाली, शेवटी तडजोडीनं कमी केलेली रक्कम दिली गेली. त्यात वरचा मजला अर्धाच उभा राहिला. आजही तिथून जाताना वर खोलीच्या जागी पत्र्याची शेड दिसते, आणि ती शेडही पालिकेच्या दप्तरात नसावी असा माझा अंदाज आहे.

दर काय धरायचा हा दुसरा सापळा, आणि त्याचा धडा कोकणात मिळाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्याला धडकलं. जांभ्याच्या भिंती तशाच उभ्या, वरची कौलं आणि पत्रे मात्र शेजारच्या वाडीत. अख्ख्या रायगड जिल्ह्याला एकाच आठवड्यात पत्रे हवे होते. ते मिळेनात, मिळाले तर वादळाआधीच्या भावात नाहीत. त्यात लॉकडाऊन, गवंडी आणि सुतार आपापल्या गावाला गेलेले. शांत काळातला दर कागदावर काहीही असो, सगळ्यांची घरं एकदम पडली की बांधकाम महागतंच. विमा रक्कम काठोकाठ बेतलेल्यांची तिथे पंचाईत झाली. मी तेव्हापासून ओळखीपाळखीच्या लोकांना चालू दरावर थोडं वर चढवूनच सांगतो. हप्त्यात फरक पडतो तो एका पिझ्झाएवढा.

मलब्याचंही तसंच. गृह रक्षा पॉलिसीत मलबा हटवायला क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो. पाच लाखांच्या क्लेमवर दहा हजार. ज्यांनी २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणातला वाशिष्ठीचा गाळ पाहिला आहे, त्यांना विचारा दहा हजारांत किती ट्रॅक्टर येतात.

सामानाची यादी करणं हा आमच्या कामातला सगळ्यात मानवी भाग. घरातला पुरुष सांगतो: फ्रिज, टीव्ही, सोफा. आणि थांबतो. मग मी आजींकडे वळतो. आजी माजघरापासून सुरुवात करतात. पितळी हंडा, घंगाळ, पाच गाद्या, त्यातल्या दोन नव्या, कापूस भरून दिवाळीत शिवलेल्या, सुनेच्या लग्नातला कुकरचा सेट, मिक्सर, शिलाई मशीन, देवघराचा सागवानी देव्हारा. वीस मिनिटांनी मुलगा तोंडात बोट घालून बघत असतो. एका घरात दहा लाखांची मर्यादाही ती यादी ओलांडून गेली होती. तेवढं सामान असेल तर ते आधी जाहीर करून जादा विमा घ्यावा लागतो, आपोआपच्या २० टक्क्यांत ते मावत नाही.

दागिने यात नाहीत. त्यांचा विमा वेगळा मागावा लागतो, आणि एकूण पाच लाखांच्या वर किंवा एखादा डाग लाखाच्या वर असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागतो. नोटा तर कशातच नाहीत. पुरानंतर ओल्या नोटांचे गठ्ठे इस्त्री करून वाळवणारे लोक मी पाहिलेत. त्यांची चौकशी करायची नसते, एवढं कळतं. आणि चोरी? दुर्घटनेनंतर सात दिवसांच्या आत झाली तरच. एरवीच्या घरफोडीला वेगळी पॉलिसी.

गेल्या वर्षी एका भाच्याला इचलकरंजीत घराचा विमा काढायचा होता. त्याला म्हटलं, आकडा एजंटाला विचारू नकोस, कंत्राटदाराला विचार. आम्ही त्याच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराकडे गेलो. मी दर विचारला तर तो आधी म्हणाला, "कशासाठी पाहिजे? कर्जाला की घरपट्टीला?"

"विम्याला."

"नवा काढायचाय, की क्लेम आलाय?"

मी हसलो. त्याचंही बरोबर होतं. घरपट्टीसाठी तेच घर बाराशेचं असतं, कर्जासाठी पंचवीसशेचं, आणि क्लेमच्या वेळी लोकांना त्याच्याकडून तीन हजारांचं कोटेशन हवं असतं. मग मी त्याला म्हटलं, समजा हे घर उद्या पडलं आणि तुम्हालाच बांधायचंय, पैसे तुमचे. त्यानं वही उघडली. सिमेंट, सळई, क्रशची वाळू, विटा, मजुरी, सेंट्रिंग, प्लंबिंग, वायरिंग, जुनं पाडून उचलायचा खर्च. पेन्सिलीनं आकडे टाकत, मध्येच पुरवठादाराला फोन लावून सळईचा भाव विचारत, त्यानं बेरीज काढली. चौरस फुटाला एकवीसशे पन्नास. भाच्यानं त्याचं चौरस मीटर करायला मोबाइल काढला. तेवीस हजार एकशे बेचाळीस. फॉर्मवर त्यानं पंचवीस हजार लिहिले.