पडद्यावरचे इंजिन आणि इतिहासाचा पुरावा

काही वर्षांपूर्वी नववीच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतील यादवी युद्धाची ओळख करून देताना मी वसतिगृहाच्या सभागृहात बस्टर कीटन यांचा ‘द जनरल’ हा १९२६ सालचा मूकपट दाखवला होता. मूकपट असल्यामुळे इंग्रजी संवादांची अडचण नव्हती, आणि एका रेल्वे इंजिनाच्या पाठलागाची ती कथा मुलांनी अक्षरशः श्वास रोखून पाहिली. चित्रपट संपल्यावर उत्साहाच्या भरात मी सांगून टाकले, “मुलांनो, १८६२ सालच्या युद्धातले खरेखुरे इंजिन तुम्ही आज पाहिले.” मागच्या रांगेतून एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, ते तेच इंजिन आहे, हे कशावरून?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. इंजिनावर ‘जनरल’ हे नाव रंगवलेले होते, एवढाच माझा आधार! पुढे शोध घेतला तेव्हा माझे विधान चुकीचे असल्याचे आढळले आणि तसे मी वर्गात मान्यही केले. परंतु त्या प्रश्नाने मला एका नव्या अभ्यासाची गोडी लावली. चित्रपटांत आणि दूरचित्रवाणी मालिकांत दिसणारी इंजिने प्रत्यक्षात कोणती, हे ओळखण्याचा तो अभ्यास. आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी त्याची थोडक्यात ओळख येथे करून देत आहे.

ओळखण्याच्या खुणा

नट वेश बदलतो, तसे इंजिनही बदलते. रंग, नाव, क्रमांक, दिवा, धुराडे या गोष्टी चित्रीकरणासाठी सहज बदलता येतात. म्हणून जाणकार त्यांवर विसंबत नाहीत. जे बदलणे कठीण असते, त्याकडे ते प्रथम पाहतात.

पहिली खूण चाकांची रचना. वाफेच्या इंजिनाला पुढे लहान चाके, मधोमध गाडी ओढणारी मोठी चाके आणि कधी मागे पुन्हा लहान चाके असतात. या तिन्हींची संख्या ओळीने मांडतात. ४-४-० म्हणजे पुढे चार लहान, मध्ये चार मोठी आणि मागे एकही नाही. दुसरी खूण गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर. तिसरी खूण मार्गाची व परिसराची: पूल, बोगदे, चढ, सिग्नल. चौथी आणि सर्वांत भक्कम खूण म्हणजे कागदपत्रे. कारखान्याची नोंद, रेल्वे कंपनीची नोंदवही, संग्रहालयाची माहिती यांत ती सापडते.

या खुणांची ताकद सारखी नसते, हे लक्षात ठेवले पाहिजे. चाकांवरून इंजिनाचा प्रकार कळतो. पण त्या प्रकारातले नेमके कोणते इंजिन, हे बहुधा कागदपत्रच सांगते.

वेश बदललेली इंजिने

आपल्या मुलांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे हॅरी पॉटर चित्रपटांतील लाल रंगाची ‘हॉगवर्ट्स एक्सप्रेस’. तिच्या इंजिनावर ‘हॉगवर्ट्स कॅसल’ असे नाव आहे. परंतु क्रमांक ५९७२ हा मूळचाच ठेवला गेला आणि त्यानेच त्याची ओळख पटते. हे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ‘ऑल्टन हॉल’ नावाचे, १९३७ साली स्विंडन येथे बांधलेले, ४-६-० रचनेचे इंजिन आहे. त्या कंपनीत ‘कॅसल’ नावाचा एक वेगळा वर्ग होता. हे इंजिन मात्र ‘हॉल’ वर्गातले. कंपनीचा रंग हिरवा होता, लाल नव्हे. चित्रपटात गाडी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून सुटते. या कंपनीच्या गाड्या मात्र पॅडिंग्टन स्थानकातून सुटत. हे इंजिन १९६३ साली सेवेतून काढून भंगारात पाठवले गेले होते. भंगारातून वाचलेले हे इंजिन पुढे जगभरातील मुलांचे लाडके झाले.

एकाच इंजिनाने अनेक भूमिका केल्याचे उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. ‘सिएरा रेल्वे क्रमांक ३’ हे १८९१ सालचे ४-६-० इंजिन ‘हाय नून’मध्ये आहे, ‘पेटिकोट जंक्शन’ या दूरचित्रवाणी मालिकेत आहे आणि ‘बॅक टू द फ्यूचर’च्या तिसऱ्या भागात १३१ हा क्रमांक लावून तेच पुन्हा आले आहे. नाव-क्रमांक बदलले, पण चाके तीच राहिली.

आपल्याकडचे उदाहरण ‘दिल से’ (१९९८) मधील, गाडीच्या टपावर चित्रित झालेल्या प्रसिद्ध गाण्याचे. चित्रपटाच्या कथानकाचा मोठा भाग ईशान्य भारतात घडतो. त्या काळी आसामच्या डोंगरांतील हाफलाँगकडचा मार्ग मीटर गेज होता आणि गाण्यातला मार्गही मीटर गेजच आहे. म्हणजे केवळ गेज पाहून फसगत होईल. खरी खूण वेगळी आहे. तमिळनाडूतील मेट्टुपालयम ते उदगमंडलम या ४६ किलोमीटरच्या निलगिरी पर्वतीय रेल्वेवर, तीव्र चढाच्या भागात रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे. इंजिनाची दातेरी चाके तिच्यात अडकतात आणि गाडी मागे न घसरता वर चढते. अशी व्यवस्था असलेला हा भारतातील एकमेव रेल्वेमार्ग. म्हणून गाणे निलगिरीतले आणि इंजिन तेथील ‘एक्स’ वर्गाचे, हे निश्चितपणे सांगता येते.

पुन्हा ‘जनरल’कडे

आता माझ्या चुकीकडे वळतो. १२ एप्रिल १८६२ रोजी जेम्स अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली उत्तरेकडील सुमारे वीस जणांच्या तुकडीने जॉर्जियातील बिग शँटी येथे, प्रवासी आणि रेल्वे कर्मचारी न्याहारीला उतरले असताना, ‘जनरल’ हे इंजिन पळवले. चॅटानूगाकडे जाणारा रेल्वेमार्ग आणि तारायंत्र उद्ध्वस्त करून दक्षिणेच्या सैन्याची रसद तोडावी, हा त्यांचा हेतू होता. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर याने प्रथम पायी, मग हातगाडीवरून आणि शेवटी ‘टेक्सास’ हे इंजिन उलटे पळवीत पाठलाग केला. सुमारे १४० किलोमीटरनंतर ‘जनरल’चे सरपण संपले आणि सर्व जण पकडले गेले. अँड्र्यूज यांच्यासह आठ जणांना फाशी झाली.

खरे ‘जनरल’ १८५५ साली न्यू जर्सीतील पॅटरसन येथे तयार झालेले ४-४-० इंजिन. कीटन यांना चित्रपटासाठी तेच हवे होते. परंतु अशा घटनेवर विनोदी चित्रपट निघणार हे कळल्यावर मालक कंपनीने नकार दिला. म्हणून त्यांनी ओरेगॉन राज्यात, कॉटेज ग्रोव्ह परिसरात, लाकूडतोडीच्या प्रदेशातील जुनी ४-४-० इंजिने घेऊन त्यांना युद्धकाळातील रूप दिले. ही रचना त्या शतकात अमेरिकेत इतकी सार्वत्रिक होती की नुसत्या चाकांवरून भेद करणे अशक्यच. जळत्या पुलावरून ‘टेक्सास’ नदीत कोसळते ते दृश्यही खरे इंजिन पाडूनच चित्रित झाले. पण ते खरे ‘टेक्सास’ नव्हते. अस्सल ‘जनरल’ आज केनेसॉ येथील संग्रहालयात आहे, आणि केनेसॉ म्हणजे पूर्वीचे बिग शँटीच. १९५६ साली डिस्ने यांनी याच घटनेवर चित्रपट काढला, तेव्हा ‘जनरल’ची भूमिका ‘विल्यम मेसन’ नावाच्या १८५६ सालच्या इंजिनाने केली.

येथपर्यंत प्रश्न यंत्राचा झाला. पण इंजिनाचा शोध घेताना त्याहून मोठा बदल माझ्या लक्षात आला. कीटन यांच्या कथेला आधार होता तो विल्यम पिटेंजर यांच्या पुस्तकाचा, आणि पिटेंजर हे स्वतः इंजिन पळवणाऱ्या उत्तरेकडील तुकडीत होते. चित्रपटात मात्र नायक दक्षिणेचा इंजिनचालक आहे आणि उत्तरेचे सैनिक चोर. ज्या गुलामगिरीच्या प्रश्नावर ते युद्ध पेटले, तिला कथेत स्थान नाही. दक्षिणेतील रेल्वेमार्गांच्या उभारणीत गुलामांच्या श्रमाचा मोठा वापर झाला होता. त्या श्रमिकांची आठवणही पडद्यावर येत नाही. ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला, त्यांना महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, हे आपण सारे जाणतो. त्याच लढ्यातील माणसे या चित्रपटात खलनायक झाली, आणि मी ते मुलांपुढे इतिहास म्हणून ठेवले होते.

चित्रपट म्हणून ‘द जनरल’ थोरच आहे आणि तो मी आजही दाखवतो. मात्र आता चित्रपटाआधी मी फळ्यावर दोन प्रश्न लिहितो. यातील वस्तू खऱ्या आहेत का? आणि यातील कथा कोणाच्या बाजूने सांगितली आहे? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले, म्हणून दुसरा प्रश्न सुटत नाही. वेशभूषा, वाडे, शस्त्रे, इंजिने यांची हुबेहूब मांडणी पाहून आपण सहज विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाच्या आडून कथा हवी तशी वळवली जाते.

मागच्या रांगेतला तो विद्यार्थी आज नोकरीनिमित्त दूर असतो. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल, तेव्हा त्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्याला मिळावे, एवढ्यासाठी हा लेख. घरी मुलांसोबत चित्रपट पाहताना त्यांनी “हे कशावरून?” असे विचारले, तर पालकांनी त्यांना गप्प बसवू नये. उत्तर माहीत नसेल, तर त्यांच्यासोबत शोधावे.