क्लाउड-आधारित आपत्तीपश्चात पुनर्प्राप्ती सेवांची निवड : व्यवसायसंस्थांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
व्यवसायसंस्थेचे हिशेब, ग्राहकांच्या नोंदी, वेतनपत्रके व मालसाठ्याची माहिती आज संगणकप्रणालीत साठविलेली असते. आग, पूर, यंत्रातील बिघाड अथवा रॅन्समवेअरचा हल्ला यांमुळे ही प्रणाली बंद पडल्यास ती अन्यत्र पुन्हा कार्यान्वित करण्याची व्यवस्था म्हणजे आपत्तीपश्चात पुनर्प्राप्ती होय. पूर्वी त्यासाठी दुसरी जागा व दुसरे सर्व्हर बाळगावे लागत. तो खर्च मोठ्या बँकांनाच परवडत असे. क्लाउडमुळे हीच सोय मासिक भाड्याने लघुउद्योगांनाही उपलब्ध झाली. तथापि, सेवा घेतली म्हणजे संस्था सुरक्षित झाली, हा समज धोक्याचा आहे.

दोन काळमर्यादा :
निवडीपूर्वी संस्थेने दोन गोष्टी स्वतः ठरवावयाच्या असतात. काम किती वेळ बंद राहिलेले चालेल, ही पहिली मर्यादा 'आरटीओ' म्हणून ओळखली जाते (येथे परिवहन कार्यालयाचा संबंध नाही). किती वेळाच्या नोंदी गमावलेल्या चालतील, ही दुसरी मर्यादा म्हणजे 'आरपीओ'. या मर्यादा जितक्या कमी, तितका खर्च अधिक. सर्वच प्रणालींना एकच मर्यादा लावणे हा अपव्यय होय. विक्रीची नोंद आणि जुन्या पत्रव्यवहाराचे दप्तर यांची निकड सारखी नसते.

येथे साधे गणितही उपयोगी पडते. १०० एमबीपीएस जोडणीवरून २ टेराबाइट माहिती उतरवून घेण्यास, पूर्ण वेग मिळाला तरी, सुमारे ४४ तास लागतात. ज्या संस्थेचा आरटीओ ४ तासांचा आहे, तिला केवळ क्लाउडवरील बॅकअप पुरणार नाही. तेथेच प्रणाली चालू करून देणारी सेवा लागेल.

प्रतीचे स्थान :
१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली व एक इमारत पूर्णतः नष्ट झाली. नेटक्राफ्टच्या गणनेनुसार सुमारे ३६ लाख संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांचे बॅकअप मूळ माहितीच्याच परिसरात होते; दोन्ही एकदमच गेले. अशा एका ग्राहकाच्या दाव्यात लील येथील वाणिज्य न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीस भरपाई देण्याचा आदेश दिला. बॅकअप भौतिकदृष्ट्या विलग ठेवला जाईल, असे करारात नमूद होते. म्हणजे 'विलग' या एका शब्दाचा अर्थ किती अंतर, कोणते शहर, हे करारातच लिहून घेणे आवश्यक ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे स्मरणात असलेल्या मुंबईकर उद्योजकाने मूळ व पर्यायी अशी दोन्ही केंद्रे मुंबईतच ठेवू नयेत.

प्रतिकृती व बॅकअप :
अंतराने सर्व प्रश्न सुटत नाहीत. क्षणोक्षणी होणारी प्रतिकृती चुकाही तितक्याच तत्परतेने उतरवून घेते. कूटबद्ध झालेली फाइल पर्यायी केंद्रातही कूटबद्धच पोहोचते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गुगल क्लाउडवरील खाजगी क्लाउड, उभारणीच्या वेळी एक रकाना रिकामा राहिल्यामुळे, आपोआप पुसला गेला. पुनःस्थापनेस अन्य पुरवठादाराकडे ठेवलेल्या बॅकअपचे साहाय्य झाले. म्हणून एक तरी प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे, निराळ्या पासवर्डखाली आणि ठरावीक मुदतीपर्यंत कोणासही पुसता येणार नाही अशा स्वरूपात असावी. मर्यादित अंदाजपत्रकात प्रतिकृतीच्या वेगापेक्षा या प्रतीवर खर्च करणे प्रस्तुत लेखिकेस अधिक योग्य वाटते.

घोषणा व चाचणी :
पर्यायी केंद्र असूनही ते वापरले जाईलच असे नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० पासून सुमारे चार तास थांबले, परंतु काम पर्यायी केंद्राकडे वळविण्यात आले नाही. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने महत्त्वाची प्रणाली खंडित झाल्यास ३० मिनिटांत 'आपत्ती' घोषित करण्याचे बंधन बाजारसंस्थांवर घातले. खाजगी उद्योगातही हा अधिकार कोणाचा, आणि ती व्यक्ती रजेवर असल्यास कोणाचा, हे लेखी ठरलेले असावे. प्रत्यक्ष स्थलांतराची चाचणी वर्षातून किमान दोनदा घ्यावी. काही पुरवठादार चाचणीच्या काळात वापरलेल्या सर्व्हरचे आणि माहिती बाहेर नेण्याचे स्वतंत्र शुल्क आकारतात. दरपत्रकाच्या तळटिपांतील ही रक्कम करारापूर्वीच विचारून घ्यावी.