गवताची लव

इंग्लंडमधल्या घरांपुढच्या लॉनचे फोटो पाहिले की शंका येतेच : या लोकांनी दोन रंगांचं गवत लावलंय की काय? एक पट्टा फिकट, एक गडद, पुन्हा फिकट. विम्बल्डनच्या कोर्टवरही तेच. प्रत्यक्षात गवत एकच असतं, एकाच उंचीवर कापलेलं. ते कुठल्या बाजूला झुकलंय, एवढाच फरक.

मखमलीवरून हात फिरवून पाहा. लव एका दिशेनं बसली की कापड उजळ दिसतं, उलटी फिरवली की काळपट. गवताचंही तसंच. आपल्यापासून पलीकडे झुकलेल्या पात्यांची लांब बाजू उजेड परतवते, म्हणून तो पट्टा फिकट. आपल्याकडे झुकलेल्यांची टोकं आणि खालची सावली दिसते, म्हणून तो गडद. गंमत म्हणजे समोरच्या टोकाला उभ्या शेजाऱ्याला नेमकं उलट दिसतं, आणि दोघंही खरंच सांगत असतात!

मखमलीची उपमा ओढूनताणून आणलेली नाही बरं का. इंग्लंडमधल्या स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभी राहिलेली लव सारखी कातरायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र असे. ते पाहून एडविन बडिंगला गवत कापायचं यंत्र सुचलं. 1830 साली त्यानं पेटंट घेतलं. त्याच्या मागच्या जड रुळाच्या फिरण्यावरच पाती चालत. म्हणजे रूळ यंत्राची गरज म्हणून आला आणि जाता जाता गवत निजवून गेला.

करायचं कसं? मशीनमागे रूळ हवा. गवत कोरडं हवं आणि फार बुटकं नको, नाहीतर वाकणार काय? आधी कडेनं एक फेरा मारतात, म्हणजे वळायला जागा होते. पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची : नजर मशीनवर न ठेवता समोरच्या झाडावर किंवा खांबावर ठेवायची. मग वळून उलट्या दिशेनं, आधीच्या ओळीवर जरासं चढवून पुढची. आडवं-उभं दोन्ही फिरवलं की बुद्धिबळाचा पट तयार. पुढच्या खेपेला दिशा बदलायची, नाहीतर गवत कायमचं एकाच अंगावर कलतं आणि चाकांच्या चाकोऱ्या पडतात.

आपल्याकडची हरळी, म्हणजे दूर्वा, बुटकी आणि ताठ. तिच्यावर पट्टे तितके उठत नाहीत. रायग्रासचं लवचीक पातं थंड हवेतच सुखी.

पण लॉनचं कापड करायचं तर त्यात फुलाला जागा उरत नाही, आणि फूल नाही तर मधमाशी कशाला येईल? म्हणूनच ब्रिटनमधली ‘प्लांटलाइफ’ ही संस्था 2019 पासून लोकांना मे महिन्यात मशीन बंद ठेवायला सांगते. मला विचाराल तर मधला तुकडा तसाच वाढू द्यावा आणि भोवती दोनच पट्टे रेखीव मारावेत. शेजाऱ्यालाही कळतं, हे आळसानं सोडलेलं नाही.