सावली आधी, वस्तू नंतर

मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष प्रमाणाविषयी बोललो. शेवटी एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, आता डोळ्यांवर तरी विश्वास ठेवायचा का?" वेळ संपली होती, म्हणून मी पुढच्या वेळेवर ढकललं. आज उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, पण ग्रंथांच्या वाटेनं नाही. माझ्या एका उद्योगाच्या वाटेनं.

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि वयाच्या ७१ व्या वर्षी मी कम्पोझिटिंग शिकायला घेतलं. म्हणजे काय, तर कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या दृश्यात संगणकावर तयार केलेली वस्तू अशी बसवायची, की ती तिथेच होती असं वाटावं. (हशा) हसा, हसा. घरातलेही हसले होते.

कारण सांगतो. साताऱ्यात आमचा वाडा होता. तो पाडून इमारत झाली. अंगण होतं तिथे आता पार्किंग आहे, आणि वृंदावन होतं तिथे, माझ्या अंदाजानं, कुणाची तरी स्कूटर उभी असते. माझ्याकडे वृंदावनाचे दोन कृष्णधवल फोटो उरले होते, आणि आठवण. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात मी ते वृंदावन घडवलं, चार बाजूंचे कोनाडे, गेरूचा रंग, वर तुळस. मग पार्किंगमध्ये जाऊन फोनवर बारा सेकंदांचं चित्रण केलं, घरी येऊन वृंदावन त्यावर ठेवलं आणि भाचीच्या मुलीला पाठवलं. ती मुंबईत व्हीएफएक्सचं काम करते. तिचं उत्तर आलं, "आजोबा, छान आहे. पण तुमचं वृंदावन तरंगतंय."

मी दोन तास बघत बसलो. वृंदावन जमिनीलाच टेकलेलं होतं! फोन केला, तर ती म्हणाली, "वस्तू विसरा. सावली कुठे पडेल ते आधी सांगा. वस्तू नंतर."

या एका वाक्यात अर्धी विद्या आहे. का, ते बघू.

मीमांसकांचं एक मत तुम्हाला आठवत असेल, स्वतःप्रामाण्याचं. ज्ञान झालं की ते खरंच धरलं जातं. ते खोटं ठरवायला बाधक लागतं, दुसरं काहीतरी आड यावं लागतं. प्रेक्षकाचा डोळा नेमका असाच वागतो. पडद्यावर वृंदावन दिसलं की तो पुरावा मागत नाही. पण त्याला एखादं बाधक सापडलं, की सगळा डोलारा कोसळतो. म्हणून कम्पोझिटिंग करणाऱ्याचं काम खरेपणा सिद्ध करणं हे नाही. बाधकं एकेक करून काढून टाकणं हे आहे. आणि बाधकं येतात कुठून? व्याप्तीतून. जिथे धूर तिथे अग्नी, तसं जिथे उन्हात वस्तू तिथे सावली. अशा शेकडो व्याप्त्या आपण लहानपणापासून डोळ्यांनी शिकलेलो असतो. त्या सांगता येत नाहीत, पण मोडल्या की खटकतात. त्या सांगता येतील इतक्या स्पष्ट करणं, म्हणजे हे शिक्षण.

आता क्रमानं जाऊ.

पहिली गोष्ट चित्रणाची. माझी पहिली चूक तिथेच झाली होती. फोन स्वतःच्या मनानं उजेड कमीजास्त करतो आणि हात हलला तर चित्र सावरतो. आपल्याला बरं वाटतं, पण या कामाला ते मारक. उजेड आणि फोकस पक्के करून ठेवायचे, चित्र सावरण्याची सोय बंद करायची. कारण पुढची पायरी ट्रॅकिंगची. फरशीचा कोपरा, भिंतीवरचा डाग, असे ठिपके सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये शोधतं आणि त्यांच्या सरकण्यावरून कॅमेरा कुठून कुठे गेला हे काढतं. आगगाडीतून जाताना जवळचे खांब झपाट्यानं मागे पळतात, लांबचा डोंगर मात्र बरोबर चालतो, तेच तत्त्व. म्हणून चित्रण करताना एका जागी उभं राहून नुसती मान वळवायची नाही, दोन पावलं चालायचं. ब्लेंडरला मुख्य दोन फ्रेममध्ये सामाईक असे किमान आठ ठिपके लागतात. मी तीसेक देतो. हिशेबातली चूक एका पिक्सेलच्या आत आली पाहिजे. नाही आली, तर वस्तू जमिनीवरून घसरते. लेन्समुळे कडेच्या सरळ रेषा थोड्या वाकतात, तेही आधी सरळ करून घ्यायचं, आणि शेवटी सगळ्या चित्राला पुन्हा तेवढाच बाक द्यायचा. खऱ्या भिंतीला बाक आहे आणि वृंदावनाला नाही, असं चालत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि इथे जरा थांबू. पॉल डेबेवेक यांनी १९९८ साली एक निबंध मांडला. त्याचा गाभा असा की, खोट्या वस्तूवर खऱ्या जागेचाच उजेड पाडा. जिथे वस्तू ठेवायची तिथे आरशासारखा गोळा ठेवायचा, त्यात भोवतालचं सगळं जग उमटतं. त्याचे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घ्यायचे आणि त्यांतून त्या जागेचा प्रकाशच संगणकात न्यायचा. माझ्याकडे गोळा नव्हता. मी स्वयंपाकघरातली स्टीलची मोठी पळी पालथी धरली. (हशा) हिशेबाला ती पुरत नाही, पण सूर्य कुठे, आभाळ किती उघडं, कुठल्या भिंतीवरून उजेड परततोय, हे पळीच्या पाठीवर लख्ख दिसतं. शेजारी टेबल टेनिसचा पांढरा चेंडू ठेवा. उजेडाची बाजू कुठे संपते आणि सावलीची किती गडद, ते तो सांगतो.

आता सावली. तीन गोष्टी पाहायच्या. एक, कड. सूर्य ठिपका नाही, आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. म्हणून वस्तूपासून सावली जितकी लांब पडते तितकी तिची कड पसरते, मीटरमागे साधारण ९ मिलिमीटर. वृंदावनाच्या पायाशी सावली धारदार, तुळशीच्या शेंड्याची सावली विरघळलेली. दोन, रंग. उन्हातली सावली काळी नसते. तिथे सूर्य पोहोचत नाही, पण आभाळ पोहोचतं, म्हणून ती निळसर. मी काळी केली होती. तीन, आणि हेच माझं तरंगण्याचं कारण, वस्तू जमिनीला जिथे टेकते तिथली बारीक गडद रेघ. त्या फटीत ना ऊन जातं ना आभाळाचा उजेड. ती रेघ नसेल तर डोळा म्हणतो, खाली हवा आहे. उद्या घरी गेल्यावर टेबलावरचा पेला बघा. तुम्ही ती रेघ आयुष्यभर पाहिली आहे, पण कधीच 'पाहिलेली' नाही. उलट बाजूही आहे. गेरूच्या वृंदावनावरून परतलेला उजेड जवळच्या फरशीला किंचित तांबूस करतो. जग वस्तूला उजळतं आणि वस्तू जगाला. हे देणंघेणं नसेल, तर वस्तू पाहुणी वाटते.

तिसरी गोष्ट जोडणीची, आणि इथे थोडं गणित येतं. फक्त एकच सूत्र, घाबरू नका. तुळशीच्या पानाची कड एका पिक्सेलच्या मधून जाते असं समजा. तो पिक्सेल पानाचा की मागच्या भिंतीचा? दोघांचाही. म्हणून प्रत्येक पिक्सेलबरोबर रंगाशिवाय आणखी एक आकडा ठेवतात, अल्फा, ० ते १. किती भाग झाकला ते सांगणारा. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये या जोडणीचं बीजगणित मांडलं. सूत्र साधं आहे. वरच्या चित्राचा रंग आधीच अल्फाने गुणून ठेवायचा आणि त्यात मागच्या चित्राचा उरलेला भाग, म्हणजे एक वजा अल्फा, मिळवायचा. नवशिक्याच्या हातून रंग दोनदा गुणला जातो आणि वस्तूभोवती काळी किनार उमटते. माझ्या तुळशीला महिनाभर ती किनार होती. मला वाटायचं, सॉफ्टवेअरचा दोष!

दुसरा सापळा. फोनने साठवलेला आकडा हा प्रकाशाचं सरळ प्रमाण नसतो. नेहमीच्या पडद्यासाठी साठवलेल्या चित्रात ०.५ लिहिलं असेल, तर प्रत्यक्ष प्रकाश सुमारे ०.२१ असतो. बेरीज प्रकाशाची करायची, लिहिलेल्या आकड्यांची नाही. आधी सरळ प्रमाणात आणायचं, मग जोडायचं, शेवटी परत पडद्याजोगं करायचं.

मग उरते शेवटची घासपूस. खऱ्या चित्रातला सगळ्यात गडद काळा किती आहे ते बघायचं. हवेतल्या धुळीमुळे आणि लेन्समुळे तो सहसा पुरता काळा नसतो. वस्तूतला काळा त्याच्याहून गडद असेल तर ती कापून चिकटवलेली दिसते. कड तितकीच मऊ, जितकी शेजारच्या खऱ्या वस्तूची. कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक खरखर असते, ती वस्तूवरही घालायची. आम्ही मागचं आयुष्य दोष काढण्यात घालवलं, इथे मोजून-मापून दोष घालावे लागतात.

एक राहिलं. माझ्या चित्रणात चौथ्या सेकंदाला इमारतीचे वॉचमन समोरून चालत गेले. आता ते वृंदावनाच्या पुढून जायला हवेत. म्हणजे त्यांची बाह्यरेषा फ्रेमगणिक हाताने आखायची. सेकंदाला २५ फ्रेम, चार सेकंद, शंभर फ्रेम. तीन दिवस गेले. पण माणूस चालताना कोपर कसं हलतं, हे मला आता कळतं.

ही विद्या आजची नाही. जॉर्ज मेलिएस यांनी १८९८ साली काळ्या पडद्यासमोर चित्रण करून, तीच फिल्म पुन्हा पुन्हा वापरून, स्वतःचीच अनेक मस्तकं टेबलावर मांडली होती. आपले दादासाहेब फाळके यांनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये आपल्या मुलीला, मंदाकिनीला, बालकृष्ण करून कालियाच्या डोक्यावर नाचवलं. साधनं बदलली. प्रेक्षकाच्या डोळ्यातल्या व्याप्त्या त्याच आहेत.

आता ज्यासाठी हा विषय निवडला, तिथे येतो.

चार महिन्यांनी चित्र जमलं. माझी थोरली बहीण, अक्का, ८२ वर्षांची. तिच्याकडे गेलो आणि काही न सांगता फोन तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, बघितलं, परत बघितलं. म्हणाली, "अरे, परत बांधलं का त्यांनी?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगतो, त्या दोन-तीन क्षणांत मला कारागिराचा आनंद झाला होता. एकही बाधक उरलं नव्हतं! तेवढ्यात ती म्हणाली, "मला घेऊन चल रे एकदा. दिवा लावून येऊ."

मग मी सांगितलं. ती गप्प बसली. फोन परत दिला आणि म्हणाली, "आधी सांगायचं होतंस."

शंकराचार्यांचा अध्यास मी किती वर्षं वर्गात शिकवला. पूर्वी कुठेतरी पाहिलेली गोष्ट स्मृतीच्या रूपानं दुसऱ्याच ठिकाणी भासते, असं त्याचं लक्षण ते करतात. उदाहरण नेहमीचंच, दोरी आणि साप. पण त्या दिवशी कळलं की, मी शब्दशः अध्यासच घडवला होता. पूर्वी पाहिलेलं वृंदावन, स्मृतीतून काढलेलं, पार्किंगवर ठेवलेलं. फरक एवढाच, की दोरीवरचा साप कुणी मुद्दाम ठेवलेला नसतो. इथे ठेवणारा मी होतो, आणि मला माहीत होतं. सिनेमाच्या तिकिटात ही माहिती आधीच दिलेली असते. मंदाकिनी खऱ्या सापावर नाचली असं कुणाला सांगितलेलं नसतं. मी अक्काला तिकीट न देताच आत नेलं होतं.

नंतर मी ते चित्र बदललं. सुरुवातीला दोन ओळी येतात, "हे वृंदावन आज नाही, आठवणीवरून केलं आहे." आणि शेवटच्या पाच सेकंदांत ते हळूहळू विरून खाली पार्किंग दिसतं, स्कूटरसकट. अक्काला पुन्हा दाखवलं. या वेळी तिनं माझी चूक काढली. कोनाड्याचं तोंड मी चुकीच्या दिशेला केलं होतं. ते दुरुस्त केलंय.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आता एक वाक्य लिहिलं की एआय असं चित्र तयार करून देतं. मग हे सगळं शिकायचं कशाला?

उत्तर : वृंदावन हवं असेल तर कदाचित नका शिकू. पण मला त्यातून वृंदावनाहून पळीच्या पाठीवरचं आभाळ जास्त मिळालं. निळी सावली मी सत्तर वर्षं पाहिली नव्हती.

प्रश्न : हे शिकल्यावर खोटं चित्र ओळखता येतं का?

उत्तर : निष्काळजीपणे केलेलं येतं. पायाशी रेघ बघा, सावलीची दिशा बघा, काळा किती काळा आहे ते बघा. पण नीट केलेलं डोळ्याला पकडता येईलच असं मी म्हणणार नाही; अक्काचे डोळे तर त्या अंगणात वाढलेले होते. म्हणून मागच्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर असं देतो. जिथे प्रत्यक्षाचा भरवसा सरतो, तिथे आपल्या परंपरेनं आणखी एक प्रमाण ठेवलेलं आहे, आप्तवचन. ज्याला माहीत आहे आणि जो खरं सांगतो, त्याचा शब्द. व्हिडिओ आला की आधी विचारा, हे कोण दाखवतंय, आणि त्यानं आधी काय सांगितलंय? आणि दाखवणारे आपण असू, तर आधी सांगा.